आग्वादचे कैदी

पेडण्याहून म्हापशाला येताना धारगळ सोडले की शापोरा नदीवरचा पूल लागतो, आणि पूल ओलांडला की कोलवाळ. गोव्याचे मध्यवर्ती कारागृह २०१५ पासून इथे आहे. महामार्गावरून रोज हजारो माणसे जातात. त्या भिंतींच्या आत काय चालते याचा विचार क्वचितच कुणाच्या मनात येत असेल. कुणाचा मुलगा, भाऊ किंवा नवरा आत असेल तर गोष्ट वेगळी.

त्याआधी हे कारागृह आग्वादला होते. आग्वाद म्हटले की मात्र आपला सूर एकदम बदलतो. सतराव्या शतकाच्या आरंभी, १६१२ च्या सुमारास पुरा झालेला हा किल्ला. नाव पडले ते पाण्यावरून, कारण लांबून आलेली पोर्तुगीज जहाजे इथे गोडे पाणी भरून घेत. वरच्या अंगाला पाण्याचे प्रचंड टाके आहे आणि खाली, अगदी समुद्राला लागून, तुरुंग. सालाझारशाहीत गोमंतकाचे स्वातंत्र्यसैनिक इथेच डांबले गेले. १९ डिसेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते या तुरुंगाच्या नूतनीकृत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. आता तिथे पर्यटक येतात, फोटो काढतात, कोठड्यांत डोकावून हळहळतात. हे चांगलेच झाले. पण १९६१ ते २०१५ अशी चोपन्न वर्षे त्याच जागी स्वतंत्र भारताचे कैदी राहत होते, हे आपण बोलताना सहज गाळून टाकतो. पूर्वीचे ते देशभक्त, नंतरचे ते गुन्हेगार, आणि दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, अशी आपण मनाशी सोयीस्कर वाटणी केलेली आहे. मला ती वाटणी पटत नाही. का पटत नाही, ते सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

पेडणे आणि डिचोली हे दोन्ही तालुके सीमेवरचे. पलीकडे सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग. अठराव्या शतकाच्या अखेरीला सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेलेला हा मुलूख. त्यामुळे भाषा, देवदेवस्की, सोयरीक, बाजार, सगळे सीमेच्या दोन्ही अंगांनी चालायचे. गोवा मुक्तीचा लढा पेटला तेव्हा साहजिकच हीच वाट झाली. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांची तुकडी तेरेखोलच्या किल्ल्यात शिरली आणि तिथे तिरंगा लावला. मग त्यांना पकडून तुरुंगात टाकण्यात आले. पुढच्या वर्षी त्याच दिवशी पत्रादेवीला गोळीबार झाला, कर्नैलसिंग बेनिपाल पडले. गोव्याच्या सीमेवर ठिकठिकाणी मिळून त्या एका दिवसात वीसहून अधिक सत्याग्रही गेले. पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकावर आपण राष्ट्रीय दिनांना पुष्पचक्रे वाहतो ती त्यांच्यासाठी.

जे मेले त्यांचे स्मारक झाले. जे जिवंत हाती सापडले त्यांची कथा मात्र तुकड्यातुकड्यांनी गोळा करावी लागते. भारतातून आलेल्या बहुतेक सत्याग्रहींना बेदम मारून पुन्हा सीमेपलीकडे ढकलून देत. पुढारी म्हणून ओळखले गेलेले आणि स्थानिक गोमंतकीय, यांची सुटका एवढ्यावर होत नसे. आधी क्वार्तेल, मग पणजीची कोठडी, मग लष्करी न्यायालय आणि त्यानंतर आग्वाद किंवा रेईश मागूश. या वाटेवरचा सगळ्यांत भयंकर टप्पा शेवटचा नव्हता, पहिला होता. पकडल्यापासून न्यायालयासमोर उभे करीपर्यंतचे ते दिवस! काझिमिरो मोंतेरोचे नाव जुन्या माणसांच्या कानांत अजून आहे. हा पोलीस एजंट लोकांना कसा मारी, याच्या हकिकती त्या पिढीने घराघरांत सांगितल्या. (याच मोंतेरोने पुढे १९६५ मध्ये सालाझारचे विरोधक जनरल उंबेर्तु देल्गादु यांचा स्पेनच्या हद्दीत खून केला. गोव्यात घोटलेला हात तिथे कामी आला म्हणायचा.)

अस्नोड्याचा बाळा राया मापारी याच टप्प्यावर गेला. अस्नोडा बार्देशात, पण डिचोलीच्या शिवेला लागून. आझाद गोमंतक दलाचा हा तरुण फेब्रुवारी १९५५ मध्ये पोलिसांच्या मारहाणीत कोठडीतच मेला. साथीदारांची नावे त्याने शेवटपर्यंत सांगितली नाहीत. आपण त्याला हुतात्मा म्हणतो आणि ते योग्यच आहे. पण कायद्याच्या भाषेत त्याच्या मरणाला एक साधे नाव आहे, ते म्हणजे कोठडीतला मृत्यू. त्याच्यावर खटला चालला नव्हता, गुन्हा शाबीत झाला नव्हता, शिक्षा सुनावली गेली नव्हती.

मधू लिमये यांचे प्रकरण जरा सविस्तर सांगतो, कारण पुढे त्याला एक वळण आहे. पुण्याचा हा समाजवादी कार्यकर्ता जुलै १९५५ च्या अखेरीस सत्याग्रहींची तुकडी घेऊन गोव्यात शिरला. पकडल्यावर एवढी मारहाण झाली की लिमये मेले अशी बातमी बाहेर पसरली. त्यानंतर पाच महिने ते पोलीस कोठडीत होते. डिसेंबरमध्ये लष्करी न्यायालयाने त्यांना बारा वर्षांची शिक्षा ठोठावली. त्यांनी बचाव केला नाही आणि अपीलही केले नाही. त्याआधी मे महिन्यात पहिली तुकडी घेऊन आलेल्या नानासाहेब गोरे यांना दहा वर्षे. बंगालचे खासदार त्रिदीब चौधरी यांनाही अशीच लांबलचक शिक्षा. ऑगस्ट १९५५ मध्ये भारत आणि पोर्तुगालचे राजनैतिक संबंध तुटले, आणि गोव्यातल्या भारतीयांचे हितसंबंध पाहण्याचे काम इजिप्तकडे गेले. म्हणजे पुण्याच्या कैद्याची चौकशी कैरोच्या वकिलातीने करायची!

या न्यायालयाची एक गोष्ट विसरू नये. कामकाज चाले पोर्तुगीजमध्ये. समोर उभा असलेला माणूस मराठी, कोकणी, हिंदी किंवा बंगाली बोलणारा. आपल्यावर नेमका आरोप काय, कोणत्या कलमाखाली काय म्हटले आहे, हे त्याला दुसऱ्याच्या तोंडून कळणार, आणि जेवढे तो सांगेल तेवढेच कळणार. गंमत अशी की पोर्तुगालला आपल्या न्यायाचा मोठा अभिमान होता. साध्या गुन्ह्यांसाठी फाशी त्यांनी १८६७ मध्येच रद्द केली होती, युरोपातल्या बहुतेक देशांच्या कितीतरी आधी. कागदावर माणूस मारायचा नाही, हे त्यांनी पक्के पाळले. कोठडीत काय होते याचा कागदच नव्हता.

१९५७ च्या फेब्रुवारीत गोरे, लिमये आदी भारतीय कैदी सुटले. दिल्लीत आवाज उठत होता, वर्तमानपत्रे लिहीत होती, आणि त्यांची नावे देशाला ठाऊक होती. गोमंतकीय राजबंद्यांपैकी अनेक जण मात्र आतच राहिले. मला या भेदाचे फार वाईट वाटते. मित्रा काकोडकर (पुढे मित्रा बीर) यांना वयाच्या बाविसाव्या वर्षी बारा वर्षांची शिक्षा झाली होती. सुधाताई जोशी यांना ६ एप्रिल १९५५ रोजी म्हापशात अध्यक्षीय भाषण वाचता वाचताच पकडले होते. ही नावे निदान इतिहासात आहेत. पेडण्या-डिचोलीच्या वाड्यांवरच्या ज्या पोरांनी निरोप पोचवले, पत्रके लपवली, रात्री कुणाला जेवू घातले आणि त्यापायी मार खाल्ला, त्यांच्यासाठी कोण आवाज उठवणार होते? कैद्याला न्याय मिळतो तो पुष्कळदा त्याचे नाव बाहेर किती जणांना माहीत आहे यावर. तेव्हाही तसेच होते.

नाव माहीत असूनही वर्षे गेली, अशीही उदाहरणे आहेतच. मोहन रानडे सांगलीचे. शिक्षक म्हणून गोव्यात आले आणि आझाद गोमंतक दलात सामील झाले. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात गोळी लागून जखमी झाले आणि सापडले. शिक्षा सव्वीस वर्षांची. १९६० मध्ये त्यांना पोर्तुगालला नेऊन लिस्बनजवळच्या काशियशच्या किल्ल्यात ठेवले. त्यांच्या कैदेतली सहा वर्षे एकान्तवासात गेली. गोवा मुक्त झाला, निवडणुका झाल्या, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले, जनमत कौल झाला, आणि रानडे तिथेच. सुधीर फडके यांनी त्यांच्या सुटकेसाठी केलेली धडपड मराठी वाचकांना माहीत आहे. २५ जानेवारी १९६९ रोजी ते सुटले. तेलु माश्कारेन्यश तर १९७० पर्यंत आत होते.

या एकान्तवासाबद्दल आजचा दंडक काय? आपल्या दंडविधानाने एका वेळी चौदा दिवसांपेक्षा जास्त एकान्तकोठडी देता येत नाही, आणि तीही न्यायालयाने शिक्षेतच सांगितली असेल तरच. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ मध्ये स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांत पंधरा दिवसांपुढचा एकान्तवास निषिद्ध आहे. त्याच नियमांत हेही म्हटले आहे की बाहेरच्या माणसाला मिळते त्याच दर्जाची वैद्यकीय सेवा कैद्याला मिळाली पाहिजे. सत्तावीस वर्षे तुरुंगात काढलेल्या माणसाचे नाव या नियमांना दिले आहे, हे ध्यानात घेण्यासारखे.

आता एक अवघड पान उलटतो. १९ डिसेंबर १९६१ नंतर आग्वादच्या आवारात काही काळ कोण कैदी होते, ठाऊक आहे? पोर्तुगीज सैनिक. तीन हजारांहून अधिक युद्धकैदी भारतीय सैन्याच्या हाती लागले. नावेली, आग्वाद, फोंडा अशा ठिकाणी त्यांच्या छावण्या होत्या. लिस्बनचा आडमुठेपणा आणि परतीच्या प्रवासाचा वाद यांत १९६२ चा मे उजाडला, तेव्हा कुठे ते घरी निघाले. सिमेंटच्या लादीवर झोपावे लागले, कष्टाची कामे करावी लागली, अशा तक्रारी त्यांनी मागाहून सांगितल्या. आपल्या माणसांनी भोगले त्याच्याशी याची तुलना होणार नाही, हे मान्य. पण त्यांच्या त्या आठवणी वाचताना आपल्यालाही थोडे अस्वस्थ वाटायला हरकत नाही. किल्ल्या हातात आल्या की कुणाचीही परीक्षा सुरू होते.

मुक्तीनंतर इमारती त्याच राहिल्या. रेईश मागूशचा तुरुंग १९९३ पर्यंत चालला. नंतर किल्ल्याची डागडुजी झाली आणि आज तिथे मारियु मिरांडांची चित्रे पाहायला मिळतात. आग्वाद २०१५ पर्यंत. बदलला तो कायदा, आणि तोही आपोआप बदलला नाही.

इथे मधू लिमये पुन्हा येतात. ६ नोव्हेंबर १९६८ रोजी बिहारमध्ये लखीसराय रेल्वे स्थानकावर त्यांना साथीदारांसह अटक झाली. तेव्हा ते लोकसभेचे सदस्य होते. त्यांनी कोठडीतून थेट सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले, की आम्हाला का पकडले हे कुणी आम्हाला सांगितलेले नाही. न्यायालयाने ते पत्रच याचिका मानले. घटनेच्या बाविसाव्या कलमात अटकेची कारणे शक्य तितक्या लवकर सांगण्याचा हक्क आहे. सरकारला ती सांगितल्याचे दाखवता आले नाही. पुढे दंडाधिकाऱ्याने कोठडी वाढवून दिली असली तरी मूळचा दोष धुऊन निघत नाही, असे ठरवून न्यायालयाने त्यांना मुक्त केले. निकालाची तारीख १८ डिसेंबर १९६८. गोव्यात सैन्य शिरले त्याला त्या दिवशी बरोबर सात वर्षे झाली होती, आणि रानडे त्या दिवशीही काशियशच्या किल्ल्यातच होते.

आग्वादच्या आठवणीने लिमयांनी ते पत्र लिहिले, असा दावा मी करणार नाही. पण पाच महिने बाराही काळ पोलिसांच्या ताब्यात राहिलेला, परक्या भाषेत शिक्षा ऐकलेला माणूस अटकेचे कारण मागतो तेव्हा तो पुस्तकी मुद्दा नसतो. आणि त्या निकालाचा लाभ खासदारापुरता राहिला नाही. डिचोलीच्या बाजारात कुणा मजुराला चोरीच्या संशयावरून उचलले, तर त्यालाही तोच हक्क आहे.

त्यानंतर पत्रांची परंपराच पडली. तिहारमधल्या सुनील बत्रा या फाशीच्या कैद्याने दुसऱ्याच एका कैद्याला वॉर्डरने केलेल्या छळाबद्दल न्यायमूर्तींना चिठ्ठी लिहिली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यावरून जो निकाल दिला, तो आजही कैद्यांच्या हक्कांचा पाया आहे. पश्चिम बंगालचे डी. के. बसू यांनी १९८६ मध्ये कोठडीतल्या मृत्यूंबद्दल पत्र लिहिले. त्यावरच्या निकालाने अटकेचे नियम घातले. पकडणाऱ्याच्या छातीवर नाव हवे, अटकेचा पंचनामा हवा, नातेवाइकाला खबर हवी, आणि कोठडीत असेपर्यंत दर अठ्ठेचाळीस तासांनी डॉक्टरकडून तपासणी हवी. हा निकालही १८ डिसेंबरचाच, १९९६ चा. बाळा मापारीला अठ्ठेचाळीस तासांनी डॉक्टरने पाहिले असते तर, असा विचार हा नियम वाचताना माझ्या मनात येतोच.

कैदेला तुरुंगच लागतो असे नाही, हे गोव्याने १९८९ मध्ये पाहिले. पर्र्याच्या दोमिनिक डिसोझा या तरुणाला १४ फेब्रुवारीला पोलिसांनी म्हापशाला नेले. का नेले, ते कुणी सांगितले नाही. इस्पितळाच्या नोंदवहीत आपल्या नावापुढे ‘एड्स’ लिहिलेले दिसले तेव्हा त्याला कळले. गोव्याच्या आरोग्य कायद्यातल्या तरतुदीने त्याला एका ओस पडलेल्या क्षयरोग्यांच्या इमारतीत पहाऱ्यात ठेवले, चौसष्ट दिवस! आई ल्युसी यांनी उच्च न्यायालयात दाद मागितली आणि अंतरिम आदेशाने तो बाहेर आला. ती तरतूद मात्र न्यायालयाने अवैध ठरवली नाही. दोमिनिक १९९२ मध्ये गेला. जाण्यापूर्वी त्याने आपल्यासारख्यांसाठी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली. लोकांना भीती वाटली की कायदा किती पटकन कडी लावतो, ते या प्रकरणात दिसले.

असो. आता कोलवाळकडे येऊ. तुरुंगातल्या सोयींचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते, “चोरांना कशाला पाहुणचार?” हे म्हणणाऱ्यांना मी एकच आकडा सांगतो. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत सुमारे पावणेसहा लाख माणसे होती आणि त्यांतली सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते. कच्चा कैदी म्हणजे ज्याचा खटला संपलेला नाही, ज्याला न्यायालयाने दोषी ठरवलेले नाही. आणि दोषी ठरलेल्याचे काय? त्याला शिक्षा होते ती स्वातंत्र्य काढून घेण्याची. क्षय, मधुमेह, किडलेली दाढ किंवा बिघडलेले मन, यांवर औषध न मिळणे हा शिक्षेचा भाग कुठल्याच न्यायाधीशाने सुनावलेला नसतो. शिवाय पोर्तुगीजांच्या कागदांत तेरेखोलचे वीरही राज्याविरुद्धचे गुन्हेगारच होते. गुन्हेगार हा शिक्का कोण मारतो यावरच सगळे सोडले, तर आग्वादच्या संग्रहालयात हळहळण्याचा आपला अधिकार फार बळकट राहत नाही.

आजारी कैद्याची अडचण बाहेरच्याला चटकन समजत नाही. तुम्हाआम्हाला बरे नसेल तर आपण म्हापशाच्या इस्पितळात किंवा बांबोळीला जातो. कैद्याला आधी तुरुंगाच्या डॉक्टरने पाहायचे, त्याने वर पाठवायला सांगायचे, मग सोबतीला पोलीस पहारा मिळायचा. ठरल्या दिवशी पहारा दुसऱ्या बंदोबस्तात गुंतला तर तपासणीची तारीख गेली. इथे कुणी दुष्ट असावा लागत नाही; माणसे कमी असली तरी पुरते. मन आजारी असेल तर त्याहून कठीण, कारण ते आधी कुणाच्या तरी लक्षात यावे लागते. भेटीला येणारी आई किंवा बायको हीच पुष्कळदा पहिली सांगणारी असते.

आणि तुरुंगात आजारी पडण्याचा सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे तिथे गरजेपेक्षा जास्त दिवस राहणे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमाने, पहिल्यांदाच आरोपी झालेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला बंधपत्रावर सोडायचे आहे. इतरांना निम्म्या काळानंतर. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे यात येत नाहीत, आणि एकाहून अधिक प्रकरणे चालू असतील तर ही सवलत नाही. विशेष म्हणजे असा अर्ज न्यायालयाकडे करण्याची जबाबदारी तुरुंगाधिकाऱ्यावर टाकली आहे. जुन्या प्रकरणांनाही हे कलम लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले. ज्यांचे माणूस आत आहे त्यांनी अटकेची तारीख आणि कलम कागदावर लिहून हा हिशेब स्वतः करून पाहावा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तो फुकट मिळतो.

रानड्यांबद्दल एक सांगायचे राहिले. सुटून आल्यावर सत्कार झाले, पुढे २००१ मध्ये पद्मश्री मिळाली. ‘सतीचे वाण’ हे आत्मकथन पुष्कळांनी वाचले असेल. पण भारतीय रेडक्रॉसच्या गोवा शाखेचे ते पाच वर्षे अध्यक्ष होते, हे फारसे कुणी सांगत नाही. युद्धातल्या जखमींना आणि कैद्यांना विचारणारी संस्था ती. जून २०२० मध्ये ते गेले.

लिमयांनी मागितलेली गोष्टही अजून पुढे सरकते आहे. अटकेची कारणे नुसती तोंडी सांगून भागणार नाही, लेखी द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सक्तवसुली संचालनालयाच्या एका प्रकरणात म्हटले. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईतल्या एका प्रकरणावरून ते सर्व गुन्ह्यांना लागू केले आणि आणखी एक गोष्ट जोडली, की ही कारणे पकडलेल्या माणसाला समजेल त्या भाषेत दिली पाहिजेत. म्हणजे पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या पोलीस ठाण्यावर आपल्या माणसाला आणले असेल, तर कारणांचा कागद मराठीत किंवा कोकणीत मागता येईल. खाणीवर किंवा बांधकामावर आलेला माणूस कानडी असेल तर कानडीत.